फळीगाडी : धावणारी, वळणारी आणि थांबणारी

आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मुलांनी स्वतः केलेली एक गाडी नेहमी पाहावयास मिळते. मोटारदुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेली जुनी बेअरिंग, मोडक्या खोक्याची एक फळी, दोन आडव्या लाकडी पट्ट्या आणि मूठभर खिळे एवढेच तिचे साहित्य. उतारावर एक धक्का दिला की ती खडखडाट करीत धावू लागते. तिच्या आवाजाने वर्गाचे लक्ष विचलित होते, रस्त्यावर ती धोक्याची ठरते; म्हणून शिक्षक ती काढून घेतात व कपाटावर ठेवून देतात. प्रस्तुत लेखकानेही एकदा तसेच केले होते.

गळिताचे दिवस होते. ज्या मुलाची ती गाडी होती त्याचे आईवडील ऊसतोडणीसाठी आलेले, आणि मुलगा तेवढ्या हंगामापुरता शाळेत. गाडी काढून घेतल्यावर तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने गाडी परत मागितली नाही. एवढेच विचारले, "गुरुजी, ती सरळच जाते, वळत नाही. म्हणून मी ओढ्यात पडतो. वळवायची कशी?" या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी देता आले नाही. पुढे ते शोधून काढले; परंतु तोवर गळीत संपून ते कुटुंब आपल्या गावी निघून गेले होते. ते उत्तर, आणि त्या अनुषंगाने शाळेत करता येण्याजोगा एक उत्तम हस्तोद्योग, या लेखात सांगावयाचा आहे.

फळीगाडी म्हणजे काय

लांब फळीवर उभे राहून एका पायाने जमीन रेटीत जायचे, अशा चारचाकी खेळवाहनाला इंग्रजी नावाने लाँगबोर्ड म्हणतात. स्केटबोर्डचाच हा लांब प्रकार होय. साधा स्केटबोर्ड सुमारे ८० सेंटीमीटर लांबीचा, तर लाँगबोर्ड बहुधा ९० ते १२० सेंटीमीटर लांबीचा असतो. उड्या व कसरती यांपेक्षा स्थिरपणे लांबवर जाणे आणि डौलाने वळणे यांसाठी तो योजलेला आहे. आपण त्याला फळीगाडी म्हणू.

या गाडीचा जन्मही मुलांच्या खटपटीतूनच झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या तरुणांनी, लाटा नसतील त्या दिवशी खेळावयाचे म्हणून, चाकांच्या बुटांचे म्हणजे रोलर स्केटचे दोन भाग करून ते फळीखाली ठोकले. तेव्हाची चाके लोखंडाची अथवा भाजलेल्या मातीसारख्या कठीण द्रव्याची असत; लहानसा खडा आडवा आला तरी गाडी जागीच अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेन नावाच्या, रबराप्रमाणे चिवट अशा द्रव्याची चाके या गाडीसाठी प्रचारात आणली आणि खेळाचे स्वरूप पालटले. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डचा प्रथमच समावेश झाला. २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने याच खेळात महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक मिळविले. तेव्हा हा खेळ आता परका राहिलेला नाही.

चाकाचा वारसा

चाकांच्या वस्तूंशी आपल्या जिल्ह्याचा संबंध फार जुना आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे स्थळ आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्यास खोदताना काशाच्या चार वस्तू सापडल्या : दोन बैल जोडलेला रथ व त्यातील उभा सारथी, चाकांवरचा रेडा, चाकांवरचा गेंडा आणि हत्ती. हत्तीची चाके नाहीशी झाली आहेत. आस बसविण्याची जागा मात्र शिल्लक आहे. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर असून चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे अनेक संशोधक मानतात. या वस्तूंची चित्रे वर्गात दाखवावीत व मुलांना विचारावे, "रेड्याला चार चाके आहेत. त्याला ओढले तर तो कसा जाईल?" मुले उत्तर देतील, "सरळ." मग विचारावे, "आणि वळवायचा असेल तर?" येथे मुले विचारात पडतात, आणि पाठास आरंभ होतो.

बैलगाडी वळते, कारण तिला दोनच चाके असतात आणि ती आसाच्या दोन टोकांवर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर तोडते, आतले कमी. दोघांचा एकमेकांस अडथळा होत नाही. चार चाकांच्या गाडीत मात्र दोन आस असतात. ते दोन्ही फळीला घट्ट जखडले की एक आस दुसऱ्यास वळू देत नाही. त्या मुलाची गाडी ओढ्यात जात होती ती यामुळेच.

झुकले की वळते

फळीगाडीच्या खाली पुढे एक व मागे एक अशा दोन वळत्या बैठका असतात. खेळाडू या बैठकीस ट्रक म्हणतात. मालमोटारीशी तिचा काही संबंध नाही. बैठकीचे दोन भाग असतात : फळीला जखडलेली पाटी, आणि आस धरणारा आडवा दांडा. हा दांडा ज्या रेषेभोवती फिरतो ती रेषा उभीही नसते व आडवीही नसते. ती साधारणपणे ४५ अंशांच्या आसपास तिरपी असते. बैठकीतील बोल्टावर रबरासारख्या मऊ कड्या बसविलेल्या असतात. त्या दाबल्या गेल्या की दांडा थोडासा फिरतो आणि दाब सुटला की पुन्हा मूळ जागी येतो.

सारे रहस्य या तिरपेपणात आहे. फिरण्याची रेषा सरळ उभी असती, तर फळी झुकविल्याने आसाची दिशा बदलली नसती. ती फळीच्या लांबीला समांतर अशी आडवी असती, तर फळी नुसतीच डोलली असती. ती तिरपी असल्यामुळे डोलणे आणि वळणे ही एकाच हालचालीत घडतात. स्वाराने उजवीकडे भार दिला की पुढचा आस उजवीकडे वळतो आणि मागचा तितकाच उलट बाजूस वळतो. या दोन आसांच्या रेषा उजवीकडे वाढवीत नेल्या तर त्या जेथे मिळतात, तो गाडी ज्या वर्तुळात फिरते त्याचा मध्य होय.

हे वर्गात दाखविणे सोपे आहे. जमिनीवर दोन मोजपट्ट्या एकमेकींना समांतर अशा ७० सेंटीमीटर अंतरावर ठेवाव्यात. हे झाले दोन आस. त्यांच्या दिशेने खडूने रेषा वाढविल्या तर त्या कोठेच मिळत नाहीत. आता प्रत्येक पट्टी कोनमापकाने १० अंश आत वळवावी. रेषा वाढविल्यावर त्या सुमारे २ मीटरवर मिळतील. तोच प्रयोग ५० सेंटीमीटर अंतराने केला तर त्या सुमारे १ मीटर ४० सेंटीमीटरवर मिळतील. म्हणजे आसांतील अंतर कमी केले की गाडी लहान जागेत वळते. अंतर वाढविले की ती स्थिर होते, पण वळण मोठे लागते. आपल्या शाळेचे अंगण केवढे आहे हे पाहून मुलांनीच हे अंतर ठरवावे.

साहित्य

घरी काय करावे आणि विकत काय घ्यावे याचा विवेक या उद्योगात महत्त्वाचा आहे. फळी शाळेत उत्तम होते. बैठका, चाके व बेअरिंग या मात्र जिवाशी गाठ असलेल्या वस्तू असून त्या तयार घ्याव्यात. चारचाकी रोलर स्केटचा एखादा जुना जोड मिळाल्यास त्यातील एका पायाच्या स्केटमधून पुढची व मागची अशा दोन बैठका निघतात. घेण्यापूर्वी स्केट जमिनीवर ठेवून एका बाजूस दाबून पाहावा. आस वळत असेल तरच तो उपयोगाचा. स्वस्त खेळण्यांतील आस पुष्कळदा जखडलेले असतात.

चाके ७० मिलिमीटर व्यासाच्या जवळपास, पॉलियुरेथेनची असावीत. जुने बेअरिंग हेच चाक म्हणून वापरू नये. मुले ज्या प्रकारची बेअरिंग आणतात त्यांतील ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग बाहेरून केवळ ४७ मिलिमीटर व्यासाचे व १४ मिलिमीटर रुंदीचे असते. त्याचे पोलाद कठीण. ते जमीन धरून ठेवीत नाही, घसरते, आणि बारीक खडीवर अडते. बेअरिंगची जागा चाकाच्या पोटात आहे. फळीगाडीच्या प्रत्येक चाकात ६०८ क्रमांकाची दोन बेअरिंग बसतात; त्याचे छिद्र ८, बाहेरील व्यास २२ आणि रुंदी ७ मिलिमीटर असते. चार चाकांना अशी आठ लागतात.

फळीसाठी ६ मिलिमीटर जाडीचे, पाण्यास टिकणारे प्लायवूड दोन तुकडे घ्यावे. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर रेषा आलटून पालटून आडव्या-उभ्या ठेवून चिकटविलेले असतात. म्हणून ते साध्या फळीप्रमाणे रेषेवर चिरत नाही. बैलगाडीच्या चाकांस योग्य असलेली बाभूळ येथे जड होते.

फळीची घडण

प्रथम १०० सेंटीमीटर लांब व २३ सेंटीमीटर रुंद असा जाड कागदाचा नमुना करावा. कागद लांबीत दुमडून अर्धाच आकार कापावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. प्लायवूडचे तुकडे या नमुन्याहून चोहोंकडून तीन-चार सेंटीमीटर मोठे ठेवावेत.

दोन्ही तुकड्यांच्या आतील बाजूंस सुतारी डिंक सर्वत्र सारखा लावून ते एकावर एक ठेवावेत. मग सपाट जमिनीवर दोन्ही टोकांखाली दीड सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या घालून मध्यावर धान्याची पोती किंवा विटा रचाव्यात. एक पूर्ण दिवस व रात्र हे वजन हलवू नये. वाळल्यानंतर फळीला हलकासा बाक आलेला दिसेल. ती पालथी केली की बाक वर येतो. स्वार उभा राहिल्यावर फळी लवून जवळजवळ सपाट होते आणि धक्के सोसते. दोन सरळ पाती चिकटल्यावर बाक का धरून ठेवतात, हा प्रश्न मोठ्या वर्गातील मुलांना अवश्य विचारावा. वाकलेल्या स्थितीत ती एकमेकांवरून किंचित सरकलेली असतात आणि डिंक त्यांना परत सरकू देत नाही, हे त्याचे उत्तर.

त्यानंतर नमुना ठेवून फळी कापावी व कडा कानशीने आणि पॉलिश कागदाने गोल कराव्यात. करवत आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र मोठ्या माणसाने चालवावे. गावातील सुतारदादांना या कामी बोलवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून त्या काळात स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम शिकावे असे म्हटले आहे. हा उद्योग त्यात सहज बसतो.

बैठका बसविताना सुताराप्रमाणे गेरूचा दोरा झटकून फळीची मध्यरेषा काढावी. बैठक या रेषेपासून थोडी जरी कलली तरी गाडी एका बाजूस ओढते. दोन्ही बैठका आरशातील प्रतिमेप्रमाणे एकमेकींच्या उलट तोंडाच्या असाव्यात. दोन्ही एकाच दिशेने बसविल्या तर आसही एकाच दिशेने वळतात, आणि गाडी न वळता तिरकी सरकते. ही चूक फार जण करतात. प्रत्येक बैठकीस चार बोल्ट लावावेत व आत नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत, कारण साधे नट हादऱ्यांनी सैल होतात.

शेवटी फळी पूर्ण झुकवून पाहावी. चाक फळीला टेकत असेल तर बैठकीखाली पातळ लाकडी पाचर न घालता सपाट चौकोनी जाड तुकडा घालून उंची वाढवावी. धावताना चाक फळीला टेकले तर ते एकदम थांबते आणि मूल तोंडावर पडते.

ज्याची त्याची गाडी

सर्व मुलांना एकच गाडी सारखी जुळत नाही. हलक्या मुलाखाली मऊ रबरी कड्या असाव्यात, नाहीतर त्याच्या भाराने आस वळतच नाही. जड मुलाखाली कड्या घट्ट हव्यात. फळीची रुंदी पावलाच्या लांबीच्या जवळपास असावी. पाऊल फार बाहेर गेले तर ते जमिनीस लागते, फार आत राहिले तर फळी झुकविता येत नाही. वर्गातील मुलांच्या पावलांची लांबी मोजून सरासरी काढावी व तीवरून रुंदी ठरवावी. सरासरी कशासाठी काढतात हे मुलांना तेव्हा निराळे सांगावे लागत नाही.

फळीच्या वरच्या बाजूस ओले व्हार्निश असतानाच नदीतील चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी. पाय घसरत नाही. खालची बाजू रंगविण्यासाठी मुलांस मोकळी द्यावी. पोळ्याला बैलांची शिंगे रंगविणारी, झुली सजविणारी मुले आपल्या गाडीस रंग देण्यात मागे राहणार नाहीत.

वेग आणि थांबणे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बेअरिंग चांगले असेल तर गाडीचा वेग उताराच्या लांबीवर नव्हे, तर किती उंची उतरली यावर अवलंबून असतो. एकूण २५ सेंटीमीटर उंची उतरल्यास वेग ताशी ८ किलोमीटरपर्यंत, म्हणजे मुलाच्या हलक्या धावेइतका होतो. एक मीटर उतरल्यास तो ताशी १६ किलोमीटरपर्यंत जातो. उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो. ताशी ८ किलोमीटर वेगातून मूल पायउतार होऊ शकते. १६ मधून ते पडतेच. म्हणून शिकणाऱ्यांसाठी २५ सेंटीमीटरहून अधिक उंचीचा उतार वर्ज्य मानावा. उंची मोजण्यास पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. गवंडी पाणसळ काढतो तशी ती काढावी.

मुलाने प्रथम थांबणे शिकावे, मग जाणे. सपाट जागेवर एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्याचा तळवा जमिनीवर हळूहळू घासत थांबण्याचा सराव करावा. डोक्यास शिरस्त्राण, गुडघ्यांस व कोपरांस गाद्या, पायांत बूट यांशिवाय कोणासही फळीवर चढू देऊ नये. गाडी शाळेच्या आवारातच चालवावी. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात. त्यांच्या चालकास जमिनीलगतचे मूल दिसत नाही.

नवी फळी वापरण्यापूर्वी तिची कसोटी घ्यावी. जेथे बैठका येतात तेथे विटांचा आधार देऊन मध्यावर पाच-पाच किलोग्रॅमच्या वाळूच्या पिशव्या ठेवीत जावे व प्रत्येक वेळी फळी किती लवली ते मोजपट्टीने मोजून तक्त्यात मांडावे. वजनाच्या प्रमाणात लवणे वाढते हे मुलांना आलेखावर दिसेल. स्वाराच्या दुप्पट वजनाखाली फळी करकरली अथवा चिरली, तर ती बाद करावी. चाकाचा पाठही येथेच घ्यावा : ७ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ २२ सेंटीमीटर, चाकावर खडूची खूण करून शंभर फेरे मोजले तर गाडी २२ मीटर जावयास हवी. जाते का, हे अंगणात मोजून पाहावे.

शाळेचा लाभ

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ च्या सुमारास स्केटबोर्डसाठी काँक्रीटचे अंगण तयार झाले. तेथे दोन नियम ठेवण्यात आले : जो शाळेत जाणार नाही त्यास फळी मिळणार नाही, आणि फळीवर पहिला हक्क मुलींचा. त्या गावातील आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. आपल्या शाळांना काँक्रीटच्या अंगणाची वाट पाहण्याचे कारण नाही. पण ते दोन नियम आजच घेण्यासारखे आहेत.

एका शाळेने वर्षात एकच फळीगाडी केली तरी पुरे. तिची मापे, तक्ते व कागदी नमुना कार्यानुभवाच्या वहीत जपून ठेवावा. हंगामापुरता आलेला एखादा मुलगा त्या कामात आढळला तर त्याच्या हाती पाना द्यावा. कोणते बेअरिंग चांगले आणि कोणते झिजलेले, हे ते बोटाने फिरवून कानाने ओळखण्याची कला त्याला बहुधा वर्गातील इतरांहून अधिक येत असते. आणि गळीत संपून तो निघाला, तर नमुन्याची एक प्रत घडी करून त्याच्या दप्तरात घालावी. पुढच्या गावी पोहोचल्यावर तेथील गुरुजींना तो ती दाखवू शकेल.